आज गुरं कुठवर गेलती?

दिवस मावळायच्या आत गुरं गावात शिरायची. आधी डोंगराकडून धुळीचा लोट दिसायचा, मग घुंगुरमाळा ऐकू यायच्या, मग गोठ्यातली वासरं हंबरायला लागायची. वेशीतून आत आलं की प्रत्येक जनावर आपापल्या दावणीकडं आपोआप वळायचं. मागं राहायचा तो गावाचा गुराखी, खांद्यावर घोंगडं नि हातात काठी. आबा ओसरीवर बसलेले असायचे. तो समोर आला की ते विचारायचे, "आज गुरं कुठवर गेलती?"

रोज हाच प्रश्न. गुराखी थांबून सांगायचा, "मधल्या टप्प्यापस्तोर, आबा." कधी म्हणायचा, "बोरीचा वढा वलांडून वर गेलतो." आबा "बरं" म्हणायचे, कधी म्हणायचे, "उद्या वरल्या अंगाला ने." एवढंच बोलणं. मला वाटायचं, आबांना आपल्या दोन गाईंची काळजी. त्यांच्या पोटात काय पडलं, किती चालल्या, याची चौकशी. आबा जाऊन कितीतरी वर्षं झाल्यावर, डोंगर जळताना स्वतःच्या डोळ्यांनी बघितला तेव्हा मला त्या प्रश्नाची आठवण झाली, आणि मी आत्याकडं गेले.

आमचं गाव बालाघाटाच्या कडेला. येडशीचं रामलिंग ज्या डोंगररांगेत आहे, तीच रांग वळसे घेत आमच्या पांढरीपर्यंत येते. रावणाशी झुंजून पडलेल्या जटायूला रामानं तिथंच बाण मारून पाणी काढून पाजलं, अशी आमच्याकडची कथा. श्रावणात रामलिंगाचा धबधबा बघायला जाणाऱ्याला हा मुलूख हिरवागार वाटतो. पण आमचा डोंगर काळ्या दगडाचा आणि मुरमाचा. वर वीतभर माती, तीही सगळीकडं नाही. धावडा, सालई, पळस, खैर, टेंभुर्णी, हेंकळ अशी झाडं-झुडपं विरळ उभी, आणि त्यांच्या मधल्या सगळ्या जागेवर गवत. झाडांपेक्षा गवताचाच डोंगर तो.

पोळ्याला हे गवत गुडघाभर असतं, दसऱ्याला कमरेला लागतं. दिवाळीनंतर त्याचा रंग उतरायला लागतो, संक्रांतीला डोंगर तांबूस दिसतो, शिमग्यापर्यंत त्यात पाण्याचा थेंब राहत नाही. दुपारचा वारा सुटला की वाळलेल्या गवताची सळसळ खाली गावात ऐकू येते. आत्या त्याला "डोंगर बोलाया लागला" म्हणते. तिच्या आवाजात तेव्हा भीती असते.

गवताचेही प्रकार आहेत आणि जुन्या माणसांना ते चेहऱ्यानं ओळखू यायचे. पवना आणि मारवेल ही लाडाची गवतं. गुरं ती मुळापासून ओरबाडायची. खडकाळ जागी कुसळी. कुसळी कोवळी असताना जनावर खातं, पण तिला कुसळं आली की तोंड लावत नाही. ती कुसळं मेंढ्यांच्या लोकरीत शिरतात, कातडीत रुततात, डोळ्यांत जातात. कुसळीच्या बियांची करामत मी लहानपणी तळहातावर बघितली आहे. बियांना पीळ घातलेली शेपटी असते. थुंकी लावली की पीळ सुटतो, वाळली की पुन्हा बसतो, आणि बी गोल फिरत राहतं. जमिनीवर पडलेलं बी असंच दंवानं, उन्हानं फिरत फिरत गिरमिटासारखं मातीत उतरतं. वरून वणवा गेला तरी ते खाली सुखरूप. म्हणून जिथं वारंवार आग लागते तिथं पवना-मारवेल हटतात आणि कुसळी पसरते. दाबडघाव आणि शंकरनारायण या दोन शास्त्रज्ञांनी १९७३ मध्ये देशातल्या गवताळ प्रदेशांची वर्गवारी प्रसिद्ध केली. तिच्यात आपलं दख्खनचं पठार पवना-मारवेलाच्या गटात येतं. आज आमच्या डोंगरावर मारवेल शोधावं लागतं. आगीनं कुसळी वाढते, कुसळी वाढली की गुरं डोंगराकडं पाठ फिरवतात, न खाल्लेलं गवत वाळून उभं राहतं आणि पुन्हा आगीच्या तोंडी जातं. या फेऱ्यात आमचा डोंगर अडकला आहे.

आबांच्या लहानपणी हा मुलूख निजामाचा. जंगलात जनावर चारायचं तर जनावरामागं कर द्यावा लागे, त्याला बंचराई म्हणत. तिकडं आदिलाबादच्या बाजूला कोमराम भीमच्या मागं गोंड उभे राहिले, त्यांच्या रागात या बंचराईचाही वाटा होता. १९४० मध्ये भीम निजामाच्या पोलिसांकडून मारला गेला. आमच्याकडं तसं काही घडलं नाही. आमच्या लोकांनी गुरं गायरानात आणि डोंगराच्या खालच्या अंगाला ठेवली आणि वर जायच्या वेळा बांधून घेतल्या. आबा सांगायचे त्यावरून मला जी घडी समजली ती अशी.

पावसाळ्यात गुरं गायरानात, ओढ्याकाठी, बांधावर. डोंगराचं वरचं अंग तेव्हा बंद. तिथलं गवत वाढू द्यायचं, बी धरू द्यायचं. दसरा झाला की विळे निघायचे. घरटी माणूस वर जायचा, गवत कापून पेंढ्या बांधून खाली आणायचा. कापणी झाल्यावर गुरं वर सोडायची; ती खुंटावरचा फुटवा आणि राहिलेलं गवत साफ करायची. खालून वर आणि पुन्हा वरून खाली. दिवाळीनंतर मेंढरांचे कळप यायचे, ते शेतातल्या धसकटात आणि उतारावर. उन्हाळ्यात गवत संपलं की शेळ्या झुडपांवर. डोंगरावरून तोंडं फिरत राहायची, प्रत्येकाची वेळ वेगळी, प्रत्येकाची चव वेगळी. गुराख्याला जनावरामागं ठरलेली ज्वारी मिळायची. तेवढ्या ज्वारीत तो गुरंही राखत होता आणि डोंगरही.

शिवाय सण होते. आमच्याकडं, लातूरकडं आणि सोलापूरच्या काही भागात मार्गशीर्षातली येळवस असते. वेळा अमावस्या. त्या दिवशी सगळं गाव रानात. कडब्याची खोप करायची, आत पांडव मांडायचे, भज्जी खायची, आंबील प्यायची. दिवस मावळताना पेंढीचा हेंडगा पेटवून शेताला फेरी घालायची. लहानपणी त्या पेटत्या हेंडग्यामागं धावण्यात जो आनंद होता तो दुसऱ्या कशात नव्हता. पण येळवशीच्या आठवडाभर आधी आमच्या घरातल्या पोरींना एक काम असायचं: शेळ्या बांधाबांधानं फिरवायच्या. डोंगराला लागून असलेल्या बांधावरचं गवत बोटभर उरलं पाहिजे, असा आबांचा हुकूम. "शेळ्या लवकर लवकर नगा हाकू, खाऊ द्या, जिथं खात न्हाईत तिथं खुरप्यानं काढा." एवढं झाल्यावरच आमच्या शेतात हेंडगा पेटायचा. आगीचा सण होता आणि त्याच्या आधी आगीची वाट बंद करायची रीतही होती. मला सणच तेवढा आठवत होता. रीत आत्यानं आठवून दिली.

असंच रुळांचं. बार्शी लाइटची नॅरोगेज गाडी येडशीवरून लातूरला जायची. १९११ पासून ती लातूरपर्यंत धावत होती. कोळशाचं इंजिन चढाला लागलं की ठिणग्या उडवायचं, म्हणून रुळालगतच्या रानात लोक गुरं आधी घालायचे, असं आबांच्या तोंडून ऐकलं आहे. कुणी सांगायला येत नव्हतं, नोटीस निघत नव्हती. ज्याचं रान त्याला माहीत.

आता आत्याची गोष्ट. ती तिच्याच शब्दांत लिहायला हवी, पण ती सांगताना हातांनी सांगते आणि ते मला कागदावर आणता येत नाही.

बहात्तरचा दुष्काळ. आत्या तेव्हा चौदा वर्षांची. रोजगार हमीच्या कामावर ती खडी फोडायला जायची, सुकडी आणि मिलोच्या भाकरीवर दिवस काढले. गावातली निम्मी जनावरं मेली किंवा विकली. डोंगर उघडा पडला, खडक नि धूळ. "त्या साली वणवा न्हाई लागला," आत्या म्हणाली. "लागंल कशाला? जळायला तर काय पायजे!" हे वाक्य तिनं सहज म्हटलं. मी मात्र तिथंच थांबले, कारण त्यात पुढची सगळी गोष्ट होती.

पुढच्या साली पाऊस बरा झाला. दोन वर्षांची तहान भागली तसं डोंगरानं गवत टाकलं. आत्या म्हणते, इतकं गवत तिनं आधी बघितलं नव्हतं नि नंतरही नाही. मांडीपर्यंत नव्हे, छातीपर्यंत. पण खायला तोंडं नव्हती. जिथं गावाच्या कळपात दीडदोनशे गुरं असायची तिथं चाळीस. कापायलाही हात कमी. अर्धी माणसं कामाच्या शोधात पुण्या-मुंबईकडं गेलेली, ती परत आली नव्हती. गावात सगळ्यांना आनंद झाला होता की डोंगर भरला. आबांनाही.

१९७४ चा शिमगा होऊन गेला होता. ज्वारी काढून झाली होती, कडब्याच्या गंजी गावाच्या डोंगराकडच्या अंगाला रचलेल्या. दोन वर्षांनी पहिल्यांदा भरलेल्या गंजी. रात्री जेवणं झाल्यावर कुणीतरी ओरडलं. बाहेर आले तर डोंगराच्या माथ्यावर तांबडी रेघ. कुणी म्हणालं बिडी, कुणी म्हणालं नवा फुटवा यावा म्हणून कुणीतरी काडी लावली. त्याचा शोध कुणी घेतला नाही, आणि मीही घेणार नाही. फुटव्यासाठी गवत जाळणं ही गुराख्या-मेंढक्यांचीच जुनी सवय, हे खरं आहे. ज्यांची गुरं वणवा आवरतात त्यांच्याच हातातली काडी तो लावते, ही गोष्ट झाकून या विषयावर लिहिणं खोटं ठरेल.

आग उताराला सावकाश येते, चढाला पळते. त्या रात्री वारा डोंगरावरून खाली होता. रेघ जाड होत खाली यायला लागली. बाया-पोरं विहिरीवरून पाणी ओढत होती, पण पाणी कुठवर पुरणार. पोती भिजवली, लिंबाच्या डहाळ्या तोडल्या. गडी वर धावले आणि तसेच मागं फिरले. छातीएवढ्या गवताची आग पुरुषभर उंच उठते. तिच्यापुढं पंचवीस हात अंतरावरही उभं राहवत नाही. डहाळी हातात असून उपयोग नाही, कारण ती मारायला जवळ जाताच येत नाही.

मग आग गुरांच्या वाटेवर आली.

गावातून डोंगरावर जाणारी ती वाट पिढ्यान्‌पिढ्या खुरांनी तुडवलेली. मधे धूळ, दोन्ही कडांना वीस-तीस हात रुंदीच्या पट्ट्यात गवत बोटभर, कारण जाता-येता गुरं तिथं तोंड घालतातच. त्या वर्षी कळप छोटा होता तरी वाटेनं जाणं-येणं चालूच होतं. पट्ट्यात शिरताच आग बसली. विझली नाही, बसली. पुरुषभर ज्वाळा घोट्याएवढ्या झाल्या. आत्या हे सांगताना तळहात छातीपासून खाली जमिनीकडं नेते. घोट्याएवढ्या आगीसमोर माणूस उभा राहू शकतो. गडी आत घुसले, डहाळ्यांनी झोडपलं, पोत्यांनी दाबलं, आणि त्या अख्ख्या बाजूला आग वाटेपलीकडं आली नाही.

पूर्वेच्या अंगाला वाट नव्हती. तिकडं गवत थेट गावापर्यंत उभं होतं. तिकडच्या तीन गंजी आणि एक गोठा गेला. गोठ्यातली म्हैस कुणीतरी दावं कापून सोडली म्हणून वाचली.

"पहाटे आबा त्या वाटेवर बसलते," आत्या म्हणाली. "तोंड काळं, भुवया जळालेल्या. एका हाताला वाटेच्या अलीकडचं गवत, दुसऱ्या हाताला पलीकडची राख. लई वेळ बसले. आन्‌ त्या दिवसापासनं इचारायला लागले."

"काय?"

"हेच की. आज गुरं कुठवर गेलती."

मला वाटत होतं तो प्रश्न आबांबरोबर जन्माला आला असेल. त्याला तारीख होती. त्या पहाटेपासून पुढं सव्वीस-सत्तावीस वर्षं, डोळे गेल्यावरसुद्धा, आबा रोज संध्याकाळी डोक्यात डोंगर मांडत होते: इथलं खाल्लं, इथलं उभं, इथं उद्या गुरं घाला. गुरांनी आग अडत नाही हे त्यांना त्या रात्री दिसलं होतं. गुरांनी आग इतकी खाली बसते की माणसाला तिच्यासमोर उभं राहता येतं. वणव्याचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ हेच सांगतात. गवताचा भार आणि उंची कमी केली की ज्वाळेची लांबी कमी होते, आणि हातानं आग विझवणं त्या लांबीवर ठरतं.

आमच्याकडं येणाऱ्या धनगरांच्या वाड्यातले एक म्हातारे मामा यात आणखी एक गोष्ट सांगायचे. ते दिवाळीनंतर यायचे, आमच्या शेतात मेंढरं बसवायचे, लेंडीखताच्या बदल्यात ज्वारी घ्यायचे. मी शेळ्यांमागं जायचे तेव्हा ते मला म्हणाले होते, "पोरी, मेंढरू खाली मान घालून खातं, शेळी वर मान करून. दोघंबी लागतात." तेव्हा मला ती जनावरांची गंमत वाटली. आता कळतं की आगही अशीच चढते: गवतातून झुडपात, झुडपातून झाडात. मेंढरू गवत घेतं, शेळी मागच्या दोन पायांवर उभी राहून बोरी-हेंकळीची खालची डहाळी घेते. आग वर जाणारी शिडी दोघं मिळून काढून घेतात. आमच्या जिल्ह्याच्या जुन्या नावानं ओळखली जाणारी ती काळीभोर उस्मानाबादी शेळी, जुळी करडं देणारी, उन्हाला न हटणारी, याच काटेरी डोंगरावर घडली आहे.

कायद्यानं मात्र गुरं आणि आग यांना एकाच दावणीला बांधलं. १९२७ च्या भारतीय वन कायद्याचं कलम २६ वाचा. राखीव जंगलात आग लावणं हा गुन्हा आणि जनावर चारणं हाही गुन्हा, एकाखाली एक. त्याच कलमात पुढं असंही आहे की जंगलात जाणूनबुजून किंवा घोर निष्काळजीपणानं आग लागली, तर सरकार तिथले चराईचे हक्क ठरावीक काळ थांबवू शकतं. म्हणजे डोंगर जळाला की गुरं बंद. आणि कलम ७९ म्हणतं, ज्यांना जंगलात हक्क आहेत त्यांनी आग विझवायला मदत केलीच पाहिजे. इंग्रजांना ठाऊक होतं की आग विझवायला गुराखीच लागतो. पण आग लागू नये म्हणून त्याचा उपयोग आहे, हे त्यांच्या कायद्यात कुठं आलं नाही, आणि आपण तोच कायदा पुढं चालवला.

अतिचराईनं डोंगर मेले, हे मी नाकारत नाही. आमच्याही खालच्या उतारावर मी उघडा मुरूम बघितला आहे. पाणलोटाच्या कामांबरोबर कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी आली ती या कारणानंच, आणि हिवरे बाजारात तिनं केलेलं काम सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे. पण हिवरे बाजारात गुरं बंद करून विळा चालू ठेवला होता. लोक डोंगरावर जाऊन गवत कापून आणत, आणि वर्षागणिक जास्त गवत खाली येई. आमच्यासारख्या कितीतरी गावांनी यातली पहिली निम्मी गोष्ट घेतली. गुरं बंद झाली, विळा कुणी उचलला नाही. गवत वाढलं, फोटो निघाले, आणि चैत्रात ते जळालं.

भरतपूरची गोष्ट याहून कडू आहे. तिथल्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात १९८२ मध्ये म्हशींची चराई एकाएकी बंद केली. विरोध झाला, गोळीबार झाला, माणसं मेली. पुढं मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीनं वर्षानुवर्षं अभ्यास केला, तेव्हा निघालं की म्हशी गेल्यावर गवत इतकं माजलं की पाणथळ भरत गेली आणि ज्या पक्ष्यांसाठी बंदी घातली त्यांचीच जागा कमी होत गेली. माणसं गेल्यावर हे कळलं, याचं मला दुःख होतं.

येडशी-रामलिंग घाट १९९७ मध्ये अभयारण्य झालं, बावीस चौरस किलोमीटरच्या आसपासचं. ते झालं याचा मला आनंद आहे. तिथं सगळीकडं शेळ्या घाला असं मी म्हणणार नाही. पण १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या कलम ३३ मध्ये चराईबाबत तीन शब्द आहेत: नियमन, नियंत्रण, मनाई. तिघांपैकी आपण बहुतेक वेळा तिसराच वापरतो. अभयारण्याच्या कडेच्या पट्टीत, गावाच्या बाजूला, ठरलेल्या महिन्यांत, ठरलेली जनावरं, हे पहिल्या दोन शब्दांत बसतं. २००६ च्या वनहक्क कायद्यानं तर चराईला सामूहिक हक्क म्हणून मान्यताच दिली आहे.

वनखात्याची माणसं झटतात, हे मी बघते. १५ फेब्रुवारी ते १५ जून हा त्यांचा आगीचा हंगाम. त्याआधी ते जाळरेषा काढतात, म्हणजे पट्ट्यातलं गवत कापून जाळून मोकळी जागा ठेवतात. देहरादूनच्या भारतीय वन सर्वेक्षणाकडून उपग्रहानं टिपलेल्या आगीची खबर मोबाइलवर येते. पाठीवर ब्लोअर अडकवून मोजकी माणसं डोंगर चढतात. उपग्रहाला आग दिसते ती लागल्यावर. न खाल्लेलं गवत कुठं उभं आहे, हे संध्याकाळी ओसरीवर बसून विचारणारं कुणी उरलेलं नाही.

कारण गुरंच उरली नाहीत. ट्रॅक्टर आले, बैल गेले. गावाचा कळप मोडला, गुराख्याचा मुलगा साखर कारखान्यावर लागला. गायरानाचं काय झालं ही वेगळीच लांब कहाणी आहे. भूमिहीनांनी दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ आणि १९६४ मध्ये सत्याग्रह केले, गायरान कसायला मागितलं. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांना जमिनीचा तुकडा मिळाला नाही त्यांची ती मागणी न्याय्य होती. पण त्यानंतर जे उरलं त्यावर ज्यांचा हक्क नव्हता त्यांनीही नांगर घातला. आता डोंगरमाथ्यावर पवनचक्क्या फिरतात. २०२४ च्या डिसेंबरात यवतमाळच्या टिपेश्वरहून चालत आलेला वाघ रामलिंगच्या कॅमेऱ्यात दिसला, तेव्हापासून राहिलेसाहिले शेळीवाले चढावर जायला कचरतात. मला वाघ आला याचं अप्रूप आहे, आणि शेळीवाल्यांची भीतीही खोटी वाटत नाही.

आणि उस्मानाबादी शेळी? ती आता शेडमध्ये आहे. बंदिस्त शेळीपालन, खाली जाळीची फळी, दावणीला मका आणि मेथीघास. वर डोंगर खायला कुणी नाही म्हणून जळतो, खाली शेळीला विकतचा चारा.

युरोपात हे आपल्याआधी घडून गेलं. पोर्तुगाल, स्पेन, ग्रीसमधली डोंगरी गावं रिकामी झाली, मेंढपाळ शहरात गेले, आणि उतारावर झाडोरा माजला. पोर्तुगालात जून २०१७ मध्ये पेद्रोगाव ग्रांदेच्या वणव्यात साठाहून अधिक माणसं मेली, त्यांतली बरीचशी पळताना रस्त्यावर गाडीत. त्यानंतर तिथल्या सरकारनं शेळ्यांचे कळप आगीच्या पट्ट्यांवर सोडायला पैसे दिले. स्पेनच्या अंदालुसियात हे आधीपासून चालू आहे. जाळरेषांचे पट्टे मेंढपाळांना नेमून देतात, उन्हाळ्याआधी वनखात्याची माणसं येऊन किती खाल्लं ते तपासतात आणि त्यावर मेंढपाळाला मेहनताना देतात. कॅलिफोर्नियातली शहरं शेळ्या भाड्यानं आणतात. हे वाचताना मला आमच्या गुराख्याची ज्वारी आठवली. त्याला ज्या कामासाठी पायली-पायली मिळायची, त्यातलं निम्मं काम कुठल्याच वहीत लिहिलेलं नव्हतं.

गेल्या वर्षी फाल्गुनात मी आत्याला घेऊन गुरांच्या वाटेवर गेले. गाडी पायथ्याला ठेवली. आत्याला ती वाट डोळे मिटून चालता यायची, पण आम्हाला ती सापडेना. जिथं धूळ होती तिथं कमरेएवढी कुसळी. आत्यानं काठीनं गवत बाजूला सारत सारत अंदाज घेतला आणि एका जागी थांबून म्हणाली, "हितं बसलते आबा." खाली आल्यावर आम्ही दोघी तासभर लुगड्या-साड्यांतली कुसळं काढत बसलो.

तिच्या मुलाकडं तीस शेळ्या आहेत, शेडमध्येच. त्या संध्याकाळी आत्यानं त्याला ती रात्र पुन्हा पहिल्यापासून सांगितली. तो काही बोलला नाही. पण या दिवाळीपासून डोंगरालगतच्या बांधावर, मग हळूहळू वाटेच्या दोन्ही कडांना, तो दुपारचे दोन-तीन तास शेळ्या सोडायला लागला आहे. शेजारचे दोघे त्याच्याबरोबर जातात. वाघाच्या भीतीनं तिघं एकत्रच असतात. त्याआधी दसऱ्याला त्यांनी विळे घेऊन थोडं गवतही कापलं.

मी पुण्यात असते. आता मार्च चालू आहे, डोंगर बोलत असेल. रोज दिवस मावळला की मी त्याला फोन करते.

"आज शेळ्या कुठवर गेलत्या रे?"

"बोरीच्या वढ्यापस्तोर, ताई. वरली पट्टी राहिलीय अजून."